रत्नागिरीत मुक्काम: कुठले किनारे करावेत, कुठले सोडावेत?

घाटावरची
नमस्कार मंडळी. नाताळची गर्दी उसळायच्या आधीचा शुक्र-शनि-रवि रत्नागिरीत काढायचा बेत आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने गाडी घेऊन येणार. आम्ही दोघं, साडेचार आणि नऊ वर्षांची दोन कार्टी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत, पण समुद्राची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. मुक्काम शहरातच आहे, मारुती मंदिराजवळ.

इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं फिरलंय. प्रत्येक यादीत तीच नावं, गणपतीपुळे, आरे-वारे, भाट्ये, मांडवी, पांढरा समुद्र, गणेशगुळे, मालगुंड, आणि प्रत्येकापुढे "शांत, स्वच्छ, निळाशार". सगळेच जर शांत स्वच्छ निळेशार तर निवडायचं कशावरून? मुलांना पाण्यात डुंबायचंय, सासूबाईंना बसून सूर्यास्त बघायचाय, नवऱ्याला मासे खायचेत आणि मला कोणी सारखं "चला चला उशीर झाला" म्हणू नये एवढंच हवंय. सगळं करायचंच असं काही नाही. दोन-तीनच सांगा पण खरं सांगा.

भाट्येकर
ताई, आयडीवरून कळलंच असेल मी काय सांगणार ते :)

मुलं लहान आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर भाट्ये. शहरातून पूल ओलांडला की आलाच. सुरूचं बन आहे, गाडी त्याच्या सावलीपर्यंत जाते, उतरलं की वाळू, पायऱ्या नाहीत काही नाहीत. किनारा लांब, सरळ आणि सपाट आहे. ओहोटीला तर इतका रुंद होतो की पोरांनी क्रिकेटचे दोन डाव मांडले तरी तुमच्या अंगावर बॉल येणार नाही. पार दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे, तिथवर चालत गेलात तर परतीची भूक वेगळी.

फक्त एक, पुलाच्या बाजूला काजळी नदी समुद्राला मिळते, त्या टोकाला पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. खाडीच्या तोंडाला ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढतं, गाळही साठलेला आहे, आमचे मच्छीमारसुद्धा तिथून होडी काढताना जपून काढतात. मधल्या पट्ट्यात राहा.

तांबडा_पांढरा
कोल्हापूरचे लोक रत्नागिरीला येऊन गणपतीपुळे सोडून भाट्याला जाणार? भावा, घरात परत घेतील का? आमच्याकडं "समुद्राला गेलो होतो" म्हणजे पुळ्यालाच गेलो होतो. दुसरा समुद्र असतो हे मला कॉलेजात कळलं.

भाट्येकर
म्हणूनच तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

बिनधास्त_भटक्या
माझं मत, भाट्ये आणि मांडवी हे शहरातल्या लोकांचे संध्याकाळचे किनारे. लांबून येऊन तिथे काय बसायचं. सरळ आरे-वारे करा. शिरगाव, बसणी, काळबादेवी करत सागरी रस्त्याने जायचं, आरे ओलांडलं की रस्ता डोंगरावर चढतो आणि वरून एका बाजूला आरे, एका बाजूला वारे, दोन्ही किनारे एकदम दिसतात. महाराष्ट्रात याच्या तोडीचा रस्ता नाही. खाली उतरून मस्त पोहा, गर्दी कमी असते, आता झिपलाईन वगैरेपण आहे.

शेवंती
वरून बघायला +१००. पण "मस्त पोहा"ला माझा सक्त विरोध आहे. आरे-वारेला माणसं बुडाल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात, आणि बहुतेक वेळा ती बाहेरगावची, एकाच घरातली असतात. एकाला वाचवायला दुसरा जातो, त्याला वाचवायला तिसरा.

बिनधास्त_भटक्या
अहो बुडणारे कुठेही बुडतात, विहिरीतपण बुडतात. आम्ही मित्र वर्षानुवर्षं जातोय आरे-वारेला, सगळे पोहतो, काही झालं नाही. पोहता येत असेल तर घाबरायचं काय एवढं? उगाच भीती घालून लोकांचा हिरमोड करू नका.

खारा_वारा
बिनधास्तराव, काही झालं नाही हे चांगलंच आहे, पण त्यावरून समुद्राची परीक्षा होत नाही.

जरा सविस्तर लिहितो कारण प्रश्न साडेचार वर्षांच्या मुलाचा आहे. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत कुठूनतरी जायला हवं. सगळीकडून सारखं परत जात नाही, जिथे वाळूचा बांध फुटलेला असतो किंवा कातळाच्या कडेने खोलगट वाट असते तिथून ते एकवटून वेगाने आत जातं. यालाच आपल्याकडे लोक "पाण्याला ओढ आहे" म्हणतात. आता गंमत अशी की नेमक्या त्या वाटेवर लाट फुटत नाही, कारण तिथे पाणी खोल असतं. म्हणजे दोन्ही बाजूला पांढरा फेस आणि मध्ये दहा-पंधरा पावलं शांत, गुळगुळीत पाणी. नवखा माणूस म्हणतो हे बरं आहे, इथे लाटा नाहीत, आणि मुलाला घेऊन बरोबर तिथेच उतरतो. आरे, वारे हे दोन कातळांच्या मधे अडकलेले किनारे आहेत. अशा ठिकाणी दोन्ही टोकांना कातळालगत ओढ असतेच, आणि मधली ओढ वाळू सरकेल तशी जागा बदलते. मागच्या वर्षी जिथे सुरक्षित होतं तिथे या वर्षी असेलच असं नाही.

आणि चांगलं पोहता येणारेही अडकतात, कारण ते किनाऱ्याकडे सरळ पोहत राहतात. प्रवाहाविरुद्ध कोणीच टिकत नाही, दमतो. ओढीत सापडलात तर धडपडायचं नाही, अंग पाण्यावर सोडून तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं. ओढ अरुंद असते. बाजूला फेस दिसतो तिथे आलं की लाटाच तुम्हाला बाहेर ढकलतात. एवढं मुलांनाही शिकवून ठेवा, नऊ वर्षांच्याला कळतं.

बिनधास्त_भटक्या
ओके. समांतरचं माहीत नव्हतं. बाकी माझं मत कायम आहे, जागा एक नंबर आहे.

शेवंती
जागा एक नंबर आहे हे कोण नाही म्हणतंय! वरून बघा.

मालवणी_खाजा
एवढे वांदे कशाक? तारकर्लीक येवा. पाणी बघलात तर तळ दिसता.

भाट्येकर
आले हे. शहराभोवतीचं विचारलंय हो. तुमच्या धाग्यावर आम्ही कधी भाट्याची जाहिरात करतो का?

मालवणी_खाजा
करा की. कोण वाचतलो?

लाल_माती
=)) =))

बरं, मुद्द्यावर. पांढरा समुद्र यादीत आहे म्हणून लिहिते. लहानपणी आम्ही जायचो तो पांढरा समुद्र आता डोक्यात ठेवून जाऊ नका. मिऱ्या बाजूची बरीच वाळू लाटांनी खाल्ली, मग दगडांचे बंधारे आले, आता बऱ्याच ठिकाणी वाळूत उतरायला मोठमोठे दगड पार करावे लागतात. गुडघेदुखीला तर बादच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं, ते कित्येक वर्षं तिथेच पडून होतं आणि लोक समुद्र सोडून ते बघायला यायचे, सेल्फी वगैरे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

पण नऊ वर्षांच्या मुलासाठी एक सुचवते. रत्नागिरीला एका बाजूला काळी वाळू आणि एका बाजूला पांढरी वाळू आहे हे त्याला दाखवा. मांडवीची वाळू काळी आहे, काळबादेवीकडेही काळे पट्टे दिसतात. ती घाण नाही, त्यात इल्मेनाईट नावाचं लोह आणि टायटॅनियमचं खनिज आहे. घरून एक चांगलं चुंबक न्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवा, काळे कण दाढीसारखे चिकटतात. पिशवी उलटी केली की सुटतात. माझा भाचा तासभर हलला नव्हता. पिशवी विसरलात तर चुंबक आयुष्यभर साफ होत नाही.

घाटावरची
लाल_माती, हे फारच भारी! चुंबक फ्रीजवरचं चालेल का?

लाल_माती
ते अगदीच मवाळ असतं. जुन्या स्पीकरमधलं मिळालं तर बघा.

पंचांगवाले_काका
उशिरा आलो, पण इथे कोणी मूळ गोष्टीला हातच घातला नाही. किनारा कुठला ते नंतर, आधी वेळ कुठली ते ठरवा. एकच भाट्ये सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं.

तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण सहल ठरवायला पुरे. आमच्या आजोबांनी शिकवलं, त्यांना मोबाईल नव्हता.

ताई, तुम्ही नाताळच्या आधीचा शुक्र-शनि-रवि म्हणताय. तुमच्या तारखा मार्गशीर्ष वद्य पंचमी ते अष्टमीत पडत असतील तर भरती दुपारी पावणेचार ते संध्याकाळी सहा या वेळात, आणि ओहोटी सकाळी साडेनऊपासून बारापर्यंत. म्हणजे मुलांना पाण्यात घालायचं तर सकाळी, नाश्ता करून, पाणी उतरतं झालं की वाळूवर छोटी डबकी राहतात त्यात. संध्याकाळी पाणी वर आलेलं असणार, तेव्हा लांबून बघायचं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, उधाणासारखा जोर नाही. मुहूर्त चांगला निवडलात.

अनुस्वार
काका, शाळेत तुम्ही गणिताला असता तर मी पास झालो असतो. चार पाऊणे तीन!! पाऊणकी कोणाला येते आता.

खारा_वारा
काकांचा हिशोब मी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितला, आपल्या किनाऱ्याला खरंच जवळपास जुळतो. कारण सोपं आहे, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. पण काका, "ओहोटीला मुलांना पाण्यात घाला" यात एक दुरुस्ती हवी. पाणी वळून चढायला लागल्यावर खेळू द्या. उतरत असताना ओढ जास्त असते. डबक्यात मात्र केव्हाही.

पंचांगवाले_काका
मान्य. डबक्यातच म्हणत होतो.

मस्कतकर
मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरीसाठी मस्कतला. इथे समुद्र घरापासून जवळ आहे, सुंदर आहे, लख्ख ठेवलाय, पण सुट्टीत घरी आलो की पहिल्या संध्याकाळी मी मांडवीलाच जातो. किनारा म्हणून मांडवी काही विशेष नाही हे कबूल, पोहायचा तर नाहीच. पण धक्क्यावर बसायचं, समोर भाट्याची खाडी, परतणाऱ्या होड्या, मागे भेळेच्या गाड्या, ओळखीचं कोणीतरी भेटतंच आणि "कधी आलास, कधी जाणार" हे दोन प्रश्न एका दमात विचारतं. याद्यांमध्ये मांडवी "गेटवे ऑफ रत्नागिरी" म्हणून असते, तेवढं वाचून लोक येतात, कमान बघतात, फोटो काढून दहा मिनिटांत जातात. सासूबाईंना बसायचं असेल तर याच्यासारखी जागा नाही. बसायला आहे, गाडी जवळ येते, चहा मिळतो.

घाटावरची
मस्कतकर दादा, "कधी आलास कधी जाणार" आमच्याकडे पण असंच, फक्त तिसरा प्रश्न जेवलास का :)

आणि काका, तारखा त्याच निघतायत, पंचांगात बघितलं. पण मार्गशीर्ष म्हटल्यावर घरात नवीनच प्रश्न उभा राहिलाय. सासूबाई मार्गशीर्षात मासे खात नाहीत आणि त्यांच्यासमोर आम्हीही खाऊ नयेत अशी अपेक्षा असते. नवरा म्हणतोय गुरुवार सोडून बाकी दिवस चालतात. या विषयावर काल रात्री बराच वेळ चर्चा झाली. गाडी बुक केली नसती तर सहल रद्द झाली असती.

अनुस्वार
खरा धागा आता सुरू झाला.

तांबडा_पांढरा
भाऊजींना आमचा पाठिंबा. गुरुवारी निघणार नाहीये ना तुम्ही, मग विषय संपला.

शेवंती
आमच्याकडे पण अख्खा महिना नाही. पण रत्नागिरीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही हो, उलट घरगुती खानावळीत सोलकढी, वालाची उसळ, अळूचं फतफतं, वर उकडीचा मोदक, इतकं जेवाल की सुरमई आठवणार नाही. सासूबाईंना दुपारी झोप लागली की भाऊजींना सोडा मोकळं.

बिनधास्त_भटक्या
मिरकरवाड्याला लिलाव बघायला घेऊन जा त्यांना. जेट्टीवर बोटी लागतात, टोपल्या उतरतात, बोली सुरू होते आणि आपल्याला काही कळायच्या आत संपते. वास सहन होत असेल तरच. लहान मुलांना पाय घसरतात तिथे, हात धरा.

खारा_वारा
बघितलंत, बिनधास्तरावही आता हात धरा म्हणायला लागले.

लाल_माती
मासे खायचे नसतील तर बघायला न्या. झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलाय. सासूबाईंना पण आवडेल, व्रतही मोडत नाही. दुपारी ऊन असतं तेव्हा किनाऱ्यावर काही अर्थ नसतो, डिसेंबरातसुद्धा वाळू तापते, तेव्हा हे करावं. नाहीतर थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, वाडा १९१० ला बांधून झाला आणि १९१६ ला तो इथेच गेला. शेजारी थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी आणि पूल खाली दिसतो, संध्याकाळी फार छान.

अनुस्वार
एवढ्या लांब हद्दपार करून शेवटी समुद्र दिसणाऱ्या टेकडीवर वाडा बांधून दिला. मला कोणी करत नाही असं हद्दपार.

लाल_माती
त्याची कहाणी तशी हसण्यासारखी नाही हो. तीस वर्षं परत जायची वाट बघत काढली त्याने. पण ते वेगळ्या धाग्यावर.

ओंजळ
दक्षिणेकडचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. भाट्याचा पूल ओलांडलाच आहे तर पुढे फणसोप, गोळप करत पावसला जा. स्वामी स्वरूपानंदांचं समाधीमंदिर आहे, सासूबाई खूश. तिथून गणेशगुळे अगदी जवळ. माझ्या मते रत्नागिरीच्या आसपास आज जर कुठे खरंच निवांत बसता येत असेल तर गणेशगुळ्याला. घोडा नाही, उंट नाही, पॅरासेलिंगवाला मागे लागत नाही. पण सोयी कमी, पाणी-खाऊ बरोबर न्या, आणि कचरा परतही आणा. जीवरक्षक वगैरे अपेक्षित धरू नका, त्यामुळे मुलं घोट्याभर पाण्यातच.

त्याच्या पुढे पूर्णगड, मुचकुंदी नदीच्या तोंडावर छोटासा किल्ला, आणि पूल ओलांडला की गावखडी. सुरूचं बन आणि लांबलचक वाळू. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावातलीच माणसं घरटी राखतात. पण पिल्लं बघायची असतील तर डिसेंबरात नाही हं, अंड्यातून बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये या. रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका, मादी पाण्यातूनच मागे फिरते. आणि कृपया, कृपया गाडी वाळूवर घालू नका, कुठल्याच किनाऱ्यावर.

भाट्येकर
ओंजळ, शेवटच्या वाक्याला हजार लाईक. दर शनिवारी एकतरी जीप रुततेच. मग भरती येते. मग मालक धावत ट्रॅक्टर शोधतो. मग ट्रॅक्टरवाला भाव सांगतो आणि मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. संध्याकाळची फुकट करमणूक आहे आमची.

तांबडा_पांढरा
नंबर प्लेट कुठली असते ते सांगू नका, आम्हाला माहितेय.

भाट्येकर
एमएच ०९ कधीकधी, पण एमएच १२ आघाडीवर आहे.

पुणेरी_शिरवाळे
निषेध. आम्ही पाटी वाचूनच गाडी घालतो.

घाटावरची
=)) बरं आता गणपतीपुळ्याचं सांगा. न जाऊन चालणार नाही, सासूबाईंचा नवस आहे. पण तिथे पाणी कसं आहे? मुलं बघितल्यावर ऐकणार नाहीत.

शेवंती
देवदर्शनाला जरूर जा, डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात, साधारण एक किलोमीटर, फरसबंद वाट आहे, पण गुडघ्यांचं बघून ठरवा. नुसतं दर्शन घेऊन बाहेर वाळूत बसलं तरी चालतं, देऊळ अगदी समुद्रालाच लागून आहे, पावसाळ्यात उधाणाला पाणी भिंतीशी येतं. तुमची संकष्टी होऊन गेलेली असेल, म्हणजे सर्वात मोठी गर्दी टळली.

पाण्याचं म्हणाल तर पुळ्याचा समुद्र दिसतो तितका साधा नाही. तळ पटकन खोल होतो. तिथे जीवरक्षक असतात आणि ते शिट्टी मारतात, पण शिट्टीला मान देणारं पब्लिक कमी. त्यांनी कुठे उतरा, कुठे नको असं सांगितलं की मुकाट ऐकायचं, त्यांना त्या दिवसाचं पाणी माहीत असतं.

खारा_वारा
याच्याशी सहमत. आरे-वारेपेक्षा पुळ्याला एक फायदा, निदान कोणाचंतरी लक्ष असतं. तोटा, सगळ्यांना वाटतं की एवढे लोक पाण्यात आहेत म्हणजे सुरक्षितच असणार.

मस्कतकर
पुळ्याला जाताय तर पुढे मालगुंडला जा, जवळच आहे. केशवसुतांचं जन्मघर आहे, स्मारक छान राखलंय, आणि किनाऱ्यावर पुळ्याच्या मानाने गर्दी नसते. पुळ्याला दर्शन, मालगुंडला वाळूतले किल्ले. मुलांना किल्ले करायला ओली वाळू लागते, घोडागाडी नाही.

बिनधास्त_भटक्या
आणि जाताना किंवा येताना एकदा तरी सागरी रस्ता घ्या, निवळी फाट्याकडून नको. निवळीचा रस्ता मुंबईहून येणाऱ्यांना बरा, तुम्ही शहरात राहताय, तुम्हाला आरे-वारेवरूनच जवळ. संध्याकाळी पाचच्या पुढे वर घाटात थांबा. सूर्य डिसेंबरात सहा-सव्वासहाला बुडतो. काकांच्या पाऊणकीप्रमाणे तेव्हा भरती असणार, म्हणजे खाली लाटा कातळावर आपटताना दिसतील. सासूबाईंना गाडीतून उतरायची पण गरज नाही. (वळणावर गाडी लावू नका, पुढे सपाटी बघून लावा.) पोहायचं मी आता काही बोलत नाही.

अनुस्वार
या धाग्याने एका माणसाचा जीव वाचवला असं वाटतंय.

बिनधास्त_भटक्या
बास आता.

ओंजळ
रात्री अंधार पडल्यावर एकदा लाटांकडे बघा बरं का, थंडीत कधीकधी फुटणारी लाट निळी चमकते. नॉक्टिल्यूका नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की प्रकाश देतात. दिसेलच अशी हमी नाही. अष्टमीच्या सुमाराला चंद्र उशिरा उगवतो त्यामुळे अंधार चांगला मिळेल, दिव्यांपासून लांब उभं राहायचं.

घाटावरची
सगळ्यांचे खूप आभार. आता असं डोक्यात येतंय. शुक्रवारी साखरपा-पाली-हातखंबा करत दुपारी पोचू, त्या दिवशी काही नाही, संध्याकाळी मांडवीला धक्क्यावर बसायचं आणि भेळ. शनिवारी सकाळी भाट्ये, ओहोटी साधून, डबकी, चुंबक (शेजारच्यांचा जुना स्पीकर मिळालाय, तो भाट्याला चालेल की मांडवीलाच न्यावा?), दुपारी देवमासा, आणि मग सासूबाई झोपल्या की नवरा मिरकरवाड्याला "फक्त बघायला". रविवारी सकाळी पुळे-मालगुंड. पण मग आरे-वारेचा सूर्यास्त रविवारी बसत नाही, कारण संध्याकाळी परत कोल्हापूर. शनिवारी संध्याकाळी नुसतं वरपर्यंत जाऊन परत यायचं का? आणि गणेशगुळे राहतंय त्याचं वाईट वाटतंय. पावस पण राहतंय. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये की पावस जवळ आहे.

भाट्येकर
सांगूच नका. कळलं तर रविवार पावसला गेला समजा. शनिवारी संध्याकाळी आरे-वारे करा, शहरातून फार लांब नाही, अंधार पडायच्या आत घाट उतरा एवढंच. चुंबक मांडवीला.

पंचांगवाले_काका
रविवारी पुळ्याला जाताय तर सकाळी लवकर निघा, आठला तिथे असा. दर्शन होऊन बाहेर याल तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असेल, ते बघत मालगुंड गाठा. अकरा-बाराच्या सुमाराला वाळू सर्वात रुंद मिळेल. टोप्या घ्या.

शेवंती
आणि मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा. पुळ्याला जेवायच्या वेळी जाऊन मागितले तर संपलेले असतात. एका माणसाला दोन हे प्रमाण विसरा, जास्त सांगा.

तांबडा_पांढरा
कोल्हापूरचं माणूस आहे, पाच धरा.

पुणेरी_शिरवाळे
थोडं अवांतर, आम्ही पुढच्या महिन्यात जयगडवरून पुढे गुहागरला जाणार आहोत. जयगड-तवसाळ फेरीबोटीत मोठी गाडी चढते का? की परत हायवेला जाऊन चिपळूणवरून फिरून यायचं?

लाल_माती
चढते, कार, जीप, बाईक सगळं. शास्त्री नदी ओलांडायची आहे फक्त, बसल्याबसल्या पलीकडे. हायवेने फिरून जायचा विचारही करू नका. पण वेळा तिथे विचारून घ्या, बदलतात, आणि रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग असते. जयगडला आधी किल्ला आणि कऱ्हाटेश्वर बघून घ्या.

पुणेरी_शिरवाळे
धन्यवाद. रांगेत पुढे घुसणाऱ्यांना कोणी काही बोलतं का तिथे?

लाल_माती
तुम्ही येताय ना.